स्टेटस संपत आले असताना अमेरिकेतला देशांतर्गत विमानप्रवास : या चुका टाळा

नवरा एच-१बी या नोकरीच्या स्टेटसवर (म्हणजे अमेरिकेत राहण्याच्या अधिकृत दर्जावर) आणि बायको त्याच्या जोडीदाराच्या एच-४वर, किंवा पती अमेरिकी नागरिक आणि पत्नीचा ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित, अशा घरांत न्यू जर्सीहून कॅलिफोर्नियाला जायचे ठरले की पहिली धास्ती पासपोर्टवरच्या व्हिसाची असते. व्हिसाची मुदत संपली म्हणून तिकीट रद्द करणे ही अनाठायी घाई आहे. व्हिसा अमेरिकेत प्रवेश मागण्यापुरता असतो. आत किती दिवस राहता येईल हे आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवरची तारीख ठरवते.

खरी गफलत या आय-९४ मध्येच होते. पासपोर्टची मुदत लवकर संपत असेल, तर प्रवेशाच्या वेळी अधिकारी बहुधा त्या तारखेपर्यंतचाच मुक्काम देतो. नवऱ्याची तारीख दोन वर्षांनंतरची असली, तरी बायकोची काही महिन्यांवर येऊन ठेपलेली असू शकते, आणि हे घरात कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून प्रत्येक परदेशवारीनंतर सीबीपी या सीमाशुल्क व सीमा संरक्षण खात्याच्या संकेतस्थळावर दोघांचे आय-९४ वेगवेगळे काढून पाहावेत. कंपनीने नवऱ्याची मुदतवाढ मागितली म्हणजे बायकोचीही झाली, असे नाही. एच-४ साठी आय-५३९ हा स्वतंत्र अर्ज आहे आणि तो मुदत संपण्याआधी दाखल व्हावा लागतो. तो वेळेत गेला असेल, तर निर्णय येईपर्यंतचा मुक्काम सहसा अधिकृत धरला जातो आणि देशांतर्गत प्रवासाने त्या अर्जाला बाधा येत नाही.

ओळखपत्राचा प्रश्न यापेक्षा वेगळा आहे. ७ मे २०२५ पासून विमानतळावर रिअल आयडीचा, म्हणजे कडक निकषांवर दिलेल्या राज्याच्या ओळखपत्राचा, नियम लागू झाला, तरी मुदतीतला भारतीय पासपोर्ट त्याऐवजी चालतो आणि त्यात चालू व्हिसा असण्याची अट नाही. अडचण येते ती दोन्ही कागद एकदम हातचे गेल्यावर : एच-४ वरच्या व्यक्तीचे ड्रायव्हिंग लायसन्स बहुतेक राज्यांत आय-९४ बरोबरच संपते, आणि नेमका त्याच वेळी पासपोर्ट नूतनीकरणासाठी व्हीएफएस या अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीकडे गेलेला असतो. पासपोर्ट परत हाती येईपर्यंत तिकीट न काढलेलेच बरे. आपल्याकडे नावाचाही घोळ असतो. माहेरच्या आडनावाचा पासपोर्ट आणि सासरच्या आडनावाचे लायसन्स असेल, तर जे ओळखपत्र दाखवणार त्यावरचेच नाव तिकिटावर घालावे. मधले नाव गळले तर सहसा निभावते, पण आडनाव जुळले नाही तर अडते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे नकळत देशाबाहेर पडणे. सिअ‍ॅटलहून बॉस्टनला जाणारे स्वस्त तिकीट व्हँकुव्हर किंवा टोरांटोमार्गे असू शकते, अलास्काची क्रूझ बहुधा कॅनडातल्या बंदराला लागते, आणि नायगाऱ्याला गेलेली मंडळी ‘पलीकडून धबधबा जास्त छान दिसतो’ म्हणून पूल ओलांडतात. आय-४८५ हा ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित असताना अ‍ॅडव्हान्स परोल (परत येण्याची आगाऊ परवानगी) न घेता बाहेर गेल्यास तो अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते; यातली सवलत एच आणि एल (कंपनीअंतर्गत बदलीचे) स्टेटस चालू असलेल्यांना मिळते, संपलेल्यांना नाही. बेकायदा मुक्काम १८० दिवसांहून जास्त झाला असेल तर तीन वर्षांची, आणि एक वर्ष वा त्याहून अधिक झाला असेल तर दहा वर्षांची पुनर्प्रवेशबंदी लागते, आणि ती लागू होते देश सोडताच. प्वेर्तो रिको आणि हवाई ही अमेरिकाच आहे. अमेरिकन सामोआ मात्र इमिग्रेशन कायद्याच्या दृष्टीने बाहेरचा प्रदेश आहे, तर यूएस व्हर्जिन आयलंड्सहून परतताना अमेरिकेचाच भाग असूनही कागद तपासले जातात.

‘देशांतर्गत विमानात कोण विचारतंय’ हा भरवसाही आता ठेवू नये. टेक्सासच्या सीमेलगत मॅकअ‍ॅलन, ब्राउन्सव्हिल, लरेडो अशा विमानतळांवर बॉर्डर पट्रोल या सीमा गस्त दलाचे लोक नागरिकत्व विचारू शकतात, आणि प्रवाशांची नावे इमिग्रेशन अंमलबजावणी खात्याला पुरवली जात असल्याच्या बातम्या डिसेंबर २०२५ मध्ये आल्या. अठरा वर्षांवरील परदेशी व्यक्तीने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा असा कायदाच आहे. त्यामुळे आय-९४ ची छापील प्रत आणि अर्जाची पावती चेक-इन बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावी. मुदत उलटून गेली असेल आणि कोणताही अर्ज दाखल नसेल, तर तिकीट काढण्याआधीच इमिग्रेशन वकिलाला गाठावे. आय-४८५ भरलेल्यांनी आणखी एक पाहावे : बायोमेट्रिक्सचे (बोटांचे ठसे व फोटो देण्याचे) पत्र टपालाने येते आणि तारीख चुकली तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो, म्हणून लांबच्या मुक्कामाला निघताना टपाल पाहायला कोणाला तरी सांगून जावे.