इंजिन बांधताना नट-बोल्ट कसे निवडावेत

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं आणि कितीतरी गाड्या दारातच बुडाल्या. पाणी उतरल्यावर ज्यांनी घाईनं स्टार्टर मारला, त्यांच्या इंजिनांचे कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारे दांडे) वाकले, कारण सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही. असं इंजिन खोललं की पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळं नवीन येतं. बोल्ट मात्र डिझेलमध्ये धुऊन परत तेच लावले जातात. बोल्ट हासुद्धा पार्टच आहे, त्याचंही आयुष्य संपतं, हे कुणी लक्षात घेत नाही.

बोल्ट घट्ट करताना किंचित ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा परत आखडायला बघतो. त्या ओढीनंच हेड (इंजिनचं वरचं झाकण) ब्लॉकवर (सिलिंडर असलेल्या मुख्य धडावर) दाबून बसतं. ओढ कमी पडली की त्यांच्यामधलं गॅस्केट (गळती थांबवणारा थर) जातं.

खोलतानाच जागा नोंदवा

जाड पुठ्ठ्यावर हेडचा आकार काढून भोकं पाडा. जो बोल्ट जिथून निघाला, तो त्याच भोकात खोचा. एकाच हेडला लांब-आखूड बोल्ट असू शकतात. आखूड जागी लांब बोल्ट गेला, तर तो तळाला टेकतो. हाताला घट्ट लागतो, पण हेड दाबलेलंच नसतं.

कोणते नवीन घ्यायचेच

आधी आपल्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल बघा. हेड बोल्टसाठी ‘आधी अमुक टॉर्क (आवळण्याचा जोर), मग 90 अंश फिरवा, पुन्हा 90 अंश’ अशी पद्धत दिली असेल, तर ते बहुतेक ताणले जाणारे बोल्ट असतात. त्यांतले बरेचसे एकदाच वापरायचे असतात. मॅन्युअल बदला म्हणत असेल, तर बदला. कनेक्टिंग रॉडच्या बोल्टच्या बाबतीत मी तडजोड करत नाही. तिथला बोल्ट तुटला तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. फ्लायव्हील आणि मेन बेअरिंगच्या बोल्टनाही मॅन्युअलचाच नियम.

पुन्हा वापरायला परवानगी असलेला बोल्ट आधी तपासा. जुना आणि नवा बोल्ट शेजारी धरून आटे एकमेकांत बसवा आणि उजेडाकडे बघा. सुरुवातीचे आटे बसले आणि पुढे पुढे फट दिसायला लागली, तर जुना ताणला गेलाय. दुसरी खूण म्हणजे नट हातानंच शेवटपर्यंत फिरवून बघायचा. आटे स्वच्छ असूनही मध्येच अडला, तर तो बोल्ट बाजूला काढा. दांड्याला व्हर्निअर लावा. एखाद्या ठिकाणी बारीक झालेला आढळला, तर सरळ भंगारात.

डोक्यावरचे आकडे वाचा

बोल्टच्या डोक्यावर 8.8, 10.9 असा ग्रेड छापलेला असतो. 8.8 मधला पहिला आकडा शंभरानं गुणला की तुटण्याची ताकद मिळते: साधारण 800 मेगापास्कल (ताण मोजण्याचं एकक). दुसरा आकडा सांगतो की त्याच्या 80 टक्क्यांना, म्हणजे 640 ला, बोल्ट कायमचा ताणला जायला लागतो. 10.9 ला हाच हिशोब 1000 आणि 900. डोक्यावर काहीच छापलेलं नसेल, तर तो बोल्ट इंजिनच्या आत नको.

शंभर फुटी रोडवर असो की कुपवाड एमआयडीसीजवळ, दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘साहेब, बारा नऊचा घ्या की, तुटायचं नावच घेणार नाही.’ म्हणजे 12.9 ग्रेडचा. ऐकू नका. कंपनीचा टॉर्क ठरलेला असतो तो कंपनीच्या ग्रेडसाठी. जास्त कडक बोल्ट कमी लवचीक असतो आणि त्यावर जस्ताचा मुलामा नीट चढवलेला नसेल, तर काही दिवसांनी अचानक तडकू शकतो. मूळ जितक्या ग्रेडचा, तितक्याच ग्रेडचा घ्या. स्टेनलेसचंही तसंच. नेहमी मिळणारा ए2-70 ग्रेडचा स्टेनलेस बोल्ट साधारण 450 मेगापास्कललाच ताणला जायला लागतो, म्हणजे 8.8 पेक्षा बराच कमजोर. तो कव्हरला ठीक.

आट्यांचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) गेजनं मोजा. 10 मिलिमीटरचा बोल्ट 1.25 आणि 1.5 मिलिमीटर अशा दोन्ही पिचमध्ये मिळतो. चुकीचा बोल्ट दोन-तीन आटे आत जातो, मग पान्यानं रेटला की अॅल्युमिनियमचे आटे मरतात. अॅल्युमिनियममध्ये बोल्ट त्याच्या जाडीच्या दीडपट ते दुप्पट आत गेला पाहिजे.

बसवताना

ब्लॉकची बंद भोकं हवा मारून कोरडी करा, डोळ्याला चष्मा लावून. आत तेल किंवा पाणी साठलेलं असेल, तर बोल्ट खाली जाताना ते दाबलं जातं आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो. पाण्याच्या जॅकेटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पोकळीत) उघडणाऱ्या भोकातल्या बोल्टला सीलंट लावा.

आट्यांना तेल लावायचं की कोरडे ठेवायचे, हे मॅन्युअलप्रमाणेच करा. टॉर्कचा सुमारे नव्वद टक्के भाग घर्षणात जातो. त्यामुळे कोरड्यासाठी दिलेला टॉर्क तेल लावून दिला, तर बोल्ट गरजेपेक्षा फार जास्त ताणला जातो.

हेडचे बोल्ट सहसा मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानं आवळतात. क्रम मॅन्युअलमध्ये असतो. अंशांसाठी डोक्यावर रंगाचा ठिपका द्या, म्हणजे कोणता फिरवला आणि कोणता राहिला ते चुकत नाही. रॉडची प्रत्येक कॅप (क्रँकभोवती बसणारा रॉडचा खालचा अर्धा भाग) आवळली की क्रँक हातानं एक फेरी फिरवा. जड लागला तर पुढच्या कॅपला हात न लावता तीच कॅप उघडून बघा.