निकोसियात निखाऱ्यावरचं मटण खायला जाताय? या चुका टाळा

सायप्रसमध्ये जहाजांच्या व्यवस्थापनाचा धंदा सगळा लिमासोल शहरात. त्यामुळे मुंबईहून कामासाठी येणारी आपली मंडळी तिथेच उतरतात आणि एखादी संध्याकाळ मोकळी मिळाली की तासाभराच्या अंतरावरची राजधानी निकोसिया बघायला निघतात. त्यांना जेवायला न्यायचं काम गेली काही वर्षं माझ्या गळ्यात पडलंय. "इथलं ते भाजलेलं मटण चांगलं कुठे मिळतं?" या प्रश्नाला मी आता हॉटेलचं नाव सांगत नाही, आधी विचारतो, "कुठलं?" कारण सायप्रसमध्ये त्या नावाखाली तीन वेगळी जेवणं येतात: सळईवरची सुव्ला, कबाबच्या दुकानातलं खाणं आणि तावेर्ना म्हणजे तिथल्या खाणावळीतलं मेझे. त्यांची ठिकाणं वेगळी, वेळाही वेगळ्या. चांगलं हॉटेल शोधूनही लोक हिरमुसून परततात ते बहुतेक या घोटाळ्यामुळे.

सुव्ला हवी होती, सुव्लाकी आली

सुव्ला म्हणजे लांबलचक सळईला ओवलेले मांसाचे मोठे तुकडे. डुकराच्या मानेचे किंवा खांद्याचे, बोकडासारखं हाडासकट तोडलेलं कोकराचं मटण, नाहीतर कोंबडी. सळया कोळशाच्या शेगडीवर गोल फिरत राहतात. या शेगडीला फुकू म्हणतात. (आपल्या फुंकणीशी नातं नाही, पण लक्षात ठेवायला सोपं.) हल्ली फुकूला छोटी मोटर असते. सुरुवातीला सळया निखाऱ्यापासून उंच ठेवायच्या, मांस आतपर्यंत शिजत आलं की खाली आणून वरून करकरीत करायचं. डुकराला आणि कोकराला दीड-दोन तास लागतात, त्यात घाई चालत नाही.

सुव्लाकी हे तिचंच छोटं भावंड. बारीक तुकडे, छोटी सळई, दहा-पंधरा मिनिटांत तयार. ती कबाबच्या दुकानात मिळते, पिटात, म्हणजे चपट्या पावात भरून.

आता गंमत बघा. सुव्ला हा मुळात हॉटेलचा पदार्थ नाहीच. तो रविवार दुपारचा, अंगणातला, काका-मामांनी हातात बिअर घेऊन फुकूभोवती उभं राहायचा पदार्थ आहे. रायगडातली पोपटी जशी हॉटेलात जाऊन मागायची नसते, तसंच. म्हणून बुधवारी संध्याकाळी सात वाजता बसल्या बसल्या सुव्ला मागितली आणि ती दहा मिनिटांत आली, तर ती सकाळची आहे. बाहेरून काळी, आतून दोऱ्यासारखी, आणि चरबी पांढरी थिजलेली. मी ही चूक पहिल्या वर्षी केली, तीही वरिष्ठांना घेऊन गेलो असताना. बिल मीच भरलं.

यावर उपाय दोन. एक, रविवारी दुपारी जा. बरीच दुकानं त्या दिवशी सुव्ला भाजून किलोवर विकतात. सकाळीच फोन करून सांगून ठेवलेलं बरं, दोन वाजता गेलात तर सळया रिकाम्या दिसतील. दुसरा उपाय म्हणजे इतर दिवशी तो हट्ट सोडून सुव्लाकी खाणं. ताजी सुव्लाकी शिळ्या सुव्लापेक्षा केव्हाही सरस. दुकानात शिरण्याआधी नाकावर विश्वास ठेवा. कोळशावर चरबी ठिबकल्याचा वास रस्त्यापर्यंत येत नसेल तर आत गॅसची जाळी असण्याची शक्यता मोठी. "स्ता कार्वुना?" एवढं विचारलं तरी पुरे, म्हणजे कोळशावर का.

आणि मेन्यूवर क्लेफ्तिको दिसलं तर ते भाजलेलं मटण समजून मागवू नका. ते मातीच्या बंद भट्टीत तासन् तास शिजवलेलं कोकरू आहे. नाव चोरावरून पडलंय. उत्तम लागतं, पण निखाऱ्याची चव त्यात शोधायची नाही.

कबाब म्हणजे डुक्कर

ही चूक सगळ्यात महागाची, म्हणून नीट वाचा. आपल्याकडे कबाब म्हटलं की डोळ्यांसमोर मोहम्मद अली रोड येतो. निकोसियाच्या दक्षिण भागात, म्हणजे ग्रीक सायप्रियटांच्या दुकानात, कबाब म्हणजे सुव्लाकीच, आणि वेगळं काही सांगितलं नाही तर ती डुकराची. पाटीवर अरबी वाटणारा शब्द असला म्हणून आत हलाल असेल असं समजू नका. शेफ्तालिया, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेली खिम्याची गुंडाळी, तीही तिथे बहुधा डुकराचीच.

चार शब्द पाठ करून जा. हिरिनो म्हणजे डुक्कर (सायप्रसच्या बोलीत शिरिनो असं ऐकू येईल), कोतोपुलो म्हणजे कोंबडी, आर्नी म्हणजे कोकरू, मोस्खारी म्हणजे गाय-वासरू. शेवटचा शब्द सळईवर क्वचितच दिसतो, पण खिम्याच्या पदार्थांत डोकावतो. गोमांस टाळणाऱ्यांनी खिम्याचं काहीही घेताना विचारावं.

डुक्कर अजिबात नको असेल तर आणखी सोपा मार्ग आहे, आणि तो चालत पंधरा मिनिटांवर आहे. शहर १९७४ पासून पूर्णपणे दोन भागांत तुटलेलं आहे, मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यातला पट्टा. लेद्रा रस्त्यावरची वाट २००८ मध्ये उघडली. तिथून पलीकडे गेलं की तुर्की सायप्रियटांची निकोसिया लागते. तिथे शेफ्तालियाचं नाव शेफ्ताली कबाब होतं आणि आत बहुधा कोकराचा खिमा असतो. हलुमी या चीजचं हेलिम होतं. पदार्थ तोच, शेजारी तेच, फक्त प्राणी बदलतो. तिकडचे शब्द वेगळे: कुझू म्हणजे कोकरू, तावुक म्हणजे कोंबडी, दाना म्हणजे गोमांस. १५७२ साली बांधलेल्या ब्युक हान या जुन्या सराईच्या आसपास हिंडलात तर धुराचा माग काढत दुकान सापडतं.

पण पलीकडे जायचं तर पासपोर्ट खिशात हवा, हॉटेलच्या तिजोरीत नव्हे. आणि आपल्या व्हिसावरच्या अटी निघण्याआधी वाचा. जेवणासाठी गेलो आणि परतताना पासपोर्ट तपासणीच्या खिडकीवर अडलो, हे सांगायला कुणालाच आवडत नाही. तिकडे चलन तुर्की लिरा आहे. युरो बरेच जण घेतात, पण हिशेब त्यांच्या दराने होतो.

शेफ्तालिया न समजता खाणं

खरं तर निकोसियात एकच गोष्ट खायची असेल तर मी हीच सांगेन. सीख कबाबसारखी दिसते, पण तिचं तंत्र वेगळं. खिम्यात बारीक कांदा, भरपूर पार्स्ली, मीठ-मिरी, आणि त्यावर आतड्याचं आवरण नव्हे, पोटातल्या चरबीची पातळ जाळी गुंडाळलेली. निखाऱ्यावर ती जाळी वितळते आणि खिम्याला आतून भिजवत राहते. नीट भाजली तर जाळीचा मागमूस उरत नाही, वर फक्त तांबूस, किंचित करकरीत पापुद्रा राहतो.

नीट भाजली नाही तर? मग दाताखाली रबर येतं आणि तोंडात पांढरी चरबी रेंगाळते. घाईच्या वेळी, शुक्रवारी-शनिवारी रात्री, हे होतं. जोरदार जाळावर बाहेरून काळी पडते आणि आत जाळी तशीच राहते. अशी आली तर गप्प बसून खाऊ नका, परत पाठवा. "कालोप्सिमेनो", म्हणजे नीट भाजलेली, हा एक शब्द पुरतो. भाजणाऱ्याला त्यात अपमान वाटत नाही, उलट गिऱ्हाईक जाणकार आहे असं वाटतं.

पहिल्यांदा जाणाऱ्याने पिटात अर्धी सुव्लाकी आणि अर्धी शेफ्तालिया असं मिक्स मागवावं. एक पिटा म्हणजे एक जेवण, हे लक्षात ठेवून. चौघांनी आधी तीन मागवा, मग बघू.

पिटावरूनच दुकानही ओळखता येतं. सायप्रसचा पिटा लांबट, पातळ आणि पोकळ असतो. मधून कापून त्याच्या खिशात मांस, टोमॅटो, काकडी, कोबी, कांदा, पार्स्ली भरतात. ग्रीसचा पिटा जाड, खिसा नसलेला, त्यात मांस गुंडाळतात. लेद्रा रस्त्यावर जाड पिटा, गोल फिरणारा गिरोस आणि आत तळलेले बटाटे दिसले तर ते ग्रीसचं खाणं आहे. वाईट नाही, पण त्यासाठी सायप्रसपर्यंत यायची गरज नव्हती. (तिथले लोक पिटाला 'पिता' म्हणतात. "दोन पिता द्या" असं मागताना मला अजून हसू येतं.)

आळणी आहे म्हणून तक्रार

आपल्या जिभेला पहिला घास आळणी लागणारच. मसाला म्हणजे मीठ, फार तर थोडा ओरेगानो. चव कोळशाची, चरबीची आणि लिंबाची. लिंबाच्या फोडी शोभेच्या नसतात, भरपूर पिळा. सोबत पुदिना घातलेलं काकडीचं दही येतं, तलातुरी, म्हणजे आपल्या कोशिंबिरीची चुलतबहीण. तिळाचं ताहिनी येतं. लोणच्याच्या मिरच्याही मिळतात, मागाव्या लागतात.

ताटलीत कधी हिरवट काड्या दिसतील, काटे असलेल्या. एका पाहुण्याने त्या झाडूच्या समजून बाजूला काढल्या. ते कपारी आहे, केपरच्या कोवळ्या फांद्यांचं व्हिनेगरमधलं लोणचं. काटे मऊ पडलेले असतात, चावून खा.

आणि एक शोध आपल्या लोकांना हमखास सुखावतो: धणे. ग्रीसमध्ये फारसे न दिसणारे धणे सायप्रसच्या स्वयंपाकात सगळीकडे आहेत. ठेचलेल्या हिरव्या ऑलिव्हमध्ये लसणाबरोबर, लाल वाइनमध्ये शिजवलेल्या डुकराच्या मांसात, म्हणजे आफेलियात. अळकुड्याही मिळतात, कोलोकासी नावाने, डुकराच्या मांसाबरोबर शिजवलेल्या. मात्र हे पदार्थ कबाबच्या दुकानात मागू नका, ते तावेर्नातले.

तावेर्नात पाव खाऊन पोट भरणं

तिसरं जेवण मेझे. तावेर्नात बसायचं आणि एकामागून एक वीसेक छोट्या बश्या येत राहतात. जुन्या शहराच्या तटबंदीच्या आत, त्रिकुपी रस्त्यावरचं झानेत्तोस १९३८ पासून हेच करतं, आणि मेझे म्हणजे काय हे कळायला ते चांगलं ठिकाण आहे. जागा आधी राखून ठेवा.

मेझे बहुधा किमान दोघांसाठी असतं आणि दर माणशी लागतो. तिघांत दोन मेझे मागवून वाटून खायचा आपला हिशेब इथे चालत नाही, वेटर नम्रपणे नाही म्हणतो. खरी चूक पुढे होते. सुरुवातीला गरम पाव, ताहिनी, दही, ऑलिव्ह येतं. दिवसभर उन्हात फिरलेला माणूस त्यावर तुटून पडतो. मग भाजलेली हलुमी आणि धुरावलेल्या डुकराचे काप, लुंत्झा, येतात. तेही संपतात. आणि निखाऱ्यावरचं मांस, ज्यासाठी आलो, ते येतं शेवटी, पट्टा सैल केल्यावर.

पावाचा एक तुकडा, प्रत्येक बशीतला एक घास, एवढंच. हलुमी मात्र आल्या आल्या खा. गार झाली की दाताखाली किरकिरते आणि चामडं होते. उरलेलं बांधून मागायला संकोच करू नका, तिथलेही मागतात. झिवानिया हे द्राक्षाच्या चोथ्याचं मद्य छोट्या ग्लासात येतं, पाण्यासारखं दिसतं आणि साधारण ४५ टक्के असतं. परत लिमासोलला गाडी चालवायची असेल तर ग्लासाला हातही लावू नका.

शाकाहारी सोबत असेल तर कबाबच्या दुकानात हलुमी आणि अळंब्यांचा पिटा मिळतो, पण जाळी तीच असते जिच्यावर डुक्कर भाजलेलं असतं. ज्यांना ते चालत नाही त्यांना आधीच सांगा.

चुकीच्या दिवशी पोचणं

रात्रीचं जेवण आठनंतर. सहा वाजता गेलात तर निखारे अजून पेटत असतात आणि तुम्हाला पहिला, घाईचा घाणा मिळतो. १५ ऑगस्टच्या आसपास निम्मं शहर डोंगरात नाहीतर समुद्रावर गेलेलं असतं आणि तटबंदीबाहेरच्या वस्त्यांतली, स्त्रोवोलोस, एंगोमी, काइमाक्लीकडची चांगली दुकानं कुलूपबंद दिसतात. एरवी मात्र जा तिकडेच. लेद्रावरच्या फोटोवाल्या मेन्यूंपेक्षा तिथे रांगेत उभे असलेले शाळकरी मुलांचे बाप जास्त भरवशाचे.

ईस्टरची तारीख मोबाइलमध्ये बघून बेत आखणारे फसतात, कारण इथे ऑर्थोडॉक्स पंचांग. २०२७ मध्ये पाश्चात्त्य ईस्टर २८ मार्चला, तर इथला २ मेला. त्या आधीच्या उपवासाच्या काळात बरेच जण मांस सोडतात, आणि उपवासाच्या पहिल्या दिवशी, स्वच्छ सोमवारी, तर शहर रानात जाऊन भाज्या, ऑलिव्ह आणि पाव खातं. उलट उपवासाआधीचा त्सिक्नोपेम्पती, धुराचा गुरुवार, हा दिवसच मांस भाजायचा. त्या दिवशी निकोसियात असाल तर दुपारचं जेवण टाळा, संध्याकाळसाठी पोटात जागा ठेवा. आणि ईस्टरच्या रविवारी घराघरांतून धूर निघत असतो, हॉटेलं मात्र बरीच बंद. ऑफिसातल्या कुणी घरी बोलावलं तर "उगाच त्रास नको" हे आपलं वाक्य गिळून टाका आणि जा. तीच खरी सुव्ला.

बांधून आणलेल्या शेफ्तालिया दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये टाकू नका, रबर होतात. जाड तव्यावर, तेल न घालता, मंद आचेवर. तिचीच चरबी सुटते, त्यातच एक अंडं फोडायचं.