जेलमधल्या माणसाच्या गोळ्या चुकू नयेत म्हणून

माझा धाकटा भाऊ सात महिने येरवड्याला कच्चा कैदी होता. त्याला एकविसाव्या वर्षापासून बायपोलरचा आजार आहे, म्हणजे मन कधी टोकाला चढतं, कधी पार खचतं. मी धनकवडीत एका मेडिकल दुकानात सोळा वर्षं काउंटरला उभी आहे, त्याच्या गोळ्या मला तोंडपाठ. तरीही पहिले अकरा दिवस मी गप्प बसले. आई म्हणाली, "वेडा म्हणून शिक्का बसेल, धाकटीचं लग्न अडेल," आणि आम्ही कोर्टात चकार शब्द काढला नाही. अकराव्या दिवशी मुलाखतीला गेले, तर काचेपलीकडे तो अखंड बोलत होता. तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. ज्यांचं माणूस आत्ता आत आहे, त्यांनी आमच्यासारखं लपवू नये म्हणून हे लिहिते आहे.

अटक झाली त्याच दिवशी एक कागद तयार करा. माणसाचं नाव, वय, पोलीस ठाणं, गुन्हा नंबर, आजाराचं नाव, कधीपासून, कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, कोणत्या वेळेला, कशाची ॲलर्जी, पूर्वी कधी जीव द्यायचा प्रयत्न केला असेल तर तेही, न लाजता. पाकिटावरचं कंपनीचं नाव लिहून भागत नाही, आतल्या औषधाचं नाव लिहा. तिथे दुसऱ्या कंपनीची गोळी असेल, पण औषध तेच आहे हे डॉक्टरांना चटकन कळतं. जुने केस पेपर, डिस्चार्ज कार्ड आणि शेवटचा रक्ताचा रिपोर्ट यांच्या झेरॉक्स जोडा. मूळ कागद कुणालाही देऊ नका.

चोवीस तासांच्या आत माणूस मॅजिस्ट्रेटपुढे येतो. तिथेच वकिलांकरवी अर्ज द्या, उपचार चालू ठेवण्याचा आदेश मागा, आणि रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या कामाच्या नोंदीत, ते लिहिलं गेलं का ते बघा. वकील नसेल तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० ला फोन करा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, घरची मिळकत कितीही असो.

जेलमध्ये गेल्यावर तोच कागद अधीक्षकांच्या नावे, प्रत वैद्यकीय अधिकाऱ्यांना. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. तोंडी सांगितलेलं पुढच्या ड्यूटीच्या माणसापर्यंत पोचेलच असं नाही. गोळ्यांची पिशवी घेऊन गेटवर उभं राहण्यात अर्थ नसतो. वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी असल्याशिवाय ती आत जात नाही. मी एकदा पिशवी तशीच घरी आणली.

आता लिथियमबद्दल, म्हणजे भावाला बायपोलरसाठी चालू असलेल्या गोळीबद्दल, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. या औषधाची रक्तातली पातळी थोडी खाली गेली तर काम होत नाही, थोडी वर गेली तर विष होतं. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की ती चढते: उन्हाळ्यातला घाम, उलट्या, जुलाब. अंगदुखीला मिळणाऱ्या आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकनंही चढते, म्हणून अर्जात ठळक लिहा, "लिथियम चालू आहे, ही वेदनाशामकं विचारून द्यावीत." मे महिन्यात भावाला जुलाब लागले होते. मुलाखतीत त्याच्या हातातला रिसीव्हर थरथरत होता, शब्द जड येत होते. मी तिथेच बाकावर बसून अर्ज लिहिला. रक्त तपासलं, पातळी वर गेलेली निघाली, गोळी थांबवून सलाइन लावलं. तपासणी रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी करतात. हेही अर्जात लिहायला हरकत नाही.

मुलाखतीत "कसा आहेस?" असं विचारू नका. तो "बरा आहे" म्हणेल, तुम्हाला रडू येईल आणि वेळ संपेल. विचारा: काल किती वाजता झोप लागली? सकाळची गोळी कुणी दिली, कोणत्या रंगाची? जेवण कुणाबरोबर? नखं, दाढी, हात, नजर बघा. बाहेर येऊन तारखेसह वहीत टिपा. माझ्या वहीतली दोन पानं पुढे वकिलांनी कोर्टात वाचून दाखवली.

त्यानं जगण्यात राम नाही असं काही म्हटलं, किंवा आवाज ऐकू येतात असं म्हणाला, तर त्या दिवशी घरी परतू नका. तिथल्या अधिकाऱ्यांना गाठून सांगा, हातानं अर्ज लिहून पोच घ्या, लगेच वकिलांना कळवा. घरच्यांचा धीर सुटला तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा फोन चोवीस तास चालतो. माझ्या आईनं दोनदा लावला.

जेलमध्ये उपचार भागत नसतील तर २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १०३ वकिलांना दाखवा. त्यानुसार आजारी बंद्याला मनोरुग्णालयात हलवता येतं. पुण्यातलं प्रादेशिक मनोरुग्णालय येरवड्यातच आहे. आणि मनोरुग्णाचा दाखला मिळाला की माणूस सुटतो, असं कुणी सांगून पैसे मागितले तर देऊ नका. गुन्ह्याच्या वेळी मन ठिकाणावर होतं का, हा एक प्रश्न. आज त्याला खटला समजतो का, हा वेगळा. दुसऱ्याचं उत्तर "नाही" आलं तर खटला थांबतो, केस संपत नाही. त्या काळात सोडण्याबद्दलची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे त्या कायद्याच्या, कलम ३६९ मध्ये आहे, तिचा अर्ज वेगळा करावा लागतो.

जामीन झाला की आतल्या उपचारांचे कागद मागायला विसरू नका. स्वतःचे वैद्यकीय कागद मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. सुटका बहुधा संध्याकाळी होते, आणि ओपीडी सकाळीच असते. म्हणून आमच्या वेळी मी दोन दिवसांच्या गोळ्या डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून आधीच घेऊन ठेवल्या होत्या. रिक्षात बसल्याबसल्या त्याला रात्रीची गोळी दिली, आणि दुसऱ्या दिवशी आठ वाजता आम्ही केस पेपरच्या रांगेत होतो.