लेसर अँजिओप्लास्टीचं विचारायला जाताना

लेसर अँजिओप्लास्टी म्हणजे हृदयाच्या धमनीतला अडथळा लेसरने मोकळा करणं. तिचं विचारायला डॉक्टरांकडे जाताना फाइल, रक्ताचे रिपोर्ट, विम्याचे कागद सगळेच नेतात. मी सांगतेय ते जुन्या अँजिओग्राफीच्या सीडीचं. रिपोर्ट नव्हे, सीडी. बाबांच्या स्टेंटमध्ये पुन्हा ब्लॉक झाला तेव्हा मी जाडजूड फाइल घेऊन गेले आणि सीडी घरी कपाटात राहिली. डॉक्टरांनी कागद पाहिले, फाइलचा मागचा कप्पा चाचपला आणि विचारलं, "फिल्म कुठंय?" रिपोर्टवर नुसतं '८० टक्के' लिहिलेलं. अडथळा नेमका कुठे, किती लांब, कॅल्शियम दिसतंय का, स्टेंट नीट उघडलाय का, हे चित्रातच बघावं लागतं. लेसर, रोटा (कडक थर घासून काढणारं फिरतं टोक) की शॉकवेव्ह (कॅल्शियमला तडे पाडणाऱ्या ध्वनिलहरी), ते त्यावर ठरतं. आमची फेरी फुकट गेली, बाबांची दगदग झाली ती वेगळीच.

निघण्याआधी सीडी कॉम्प्युटरवर लावून बघा. उघडत नसेल तर कॅथलॅबकडे (जिथे अँजिओग्राफी झाली तिथे) दुसरी प्रत मागा. स्टेंटचं कार्डही घ्या, त्यावर व्यास आणि लांबी असते.

प्रश्न लिहून न्या. पहिला: लेसरच का? हृदयाच्या धमनीत एक्सायमर लेसर वापरतात, ३०८ नॅनोमीटरचे अतिनील किरण. स्टेंटमध्ये पुन्हा वाढलेला थर, गुठळी किंवा बलूनच पुढे सरकत नाही असा अडथळा असेल तर त्याचा उपयोग होतो. निव्वळ कडक कॅल्शियमला बहुधा रोटा बरा. लेसरनंतरही बलून लागतो, अनेकदा स्टेंट किंवा औषधी बलून (औषधाचा लेप असलेला), तेव्हा 'लेसर केलं की स्टेंट टळला' हे डोक्यातून काढा. हृदयाच्या स्नायूत लेसरने छिद्रं पाडतात तो उपचार निराळा, त्यात ब्लॉक उघडत नाही. धमनी फाटण्याचा, तिला भोक पडण्याचा धोका असतो. तसं झालं तर काय करणार आणि तुम्ही हे किती वेळा केलंय, हे स्पष्ट विचारा. संकोच करू नका.

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल ही गुठळी होऊ न देणारी औषधं स्वतःच्या मनाने बंद करू नका. अजिबात नाही! मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) चालू असेल, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) वाढलेलं असेल, डायची (धमन्या चित्रात दिसाव्यात म्हणून सोडतात त्या द्रवाची) ॲलर्जी असेल तर आधीच सांगा.

प्रक्रियेच्या दिवशी सांगितलं तितकं उपाशी, दागिने घरी, सोबत एक माणूस. आणि सीडी.

सोडताना औषधांची चिठ्ठी, नवं कार्ड, आणि आजच्या प्रक्रियेची नवी सीडी मागून घ्या. जुनीसोबत एकाच पाकिटात ठेवा, वर तारीख टाका.