अल्कीनचं ऑक्सिडेशन: बाणावरचं न वाचता उत्तर लिहिताय? या चुका टाळा

पोरांना रिअ‍ॅक्शन तोंडपाठ असते, फक्त रिअ‍ॅक्शनच्या बाणावर कुठलं रसायन आणि कशा परिस्थितीत लिहिलंय ते बघायचं राहून जातं. अल्कीनसमोर (म्हणजे कार्बन-कार्बन डबल बाँड असलेल्या संयुगासमोर) केएमएनओफोर, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, दिसलं रे दिसलं की डायॉल (दोन ओएच असलेलं संयुग) लिहून मोकळे. अरे पण थंड, पातळ, अल्कलाइन आहे की गरम आणि अ‍ॅसिडिक, ते कोण बघणार?

२-मिथाइलब्युट-२-ईन घ्या आणि सगळं त्याच्यावरच करून बघा. थंड पातळ परमँगनेट टाकलं तर डबल बाँडमधला फक्त पाय बाँड (दोनातला कमकुवत) जातो, दोन्ही कार्बनवर ओएच बसतो, झालं २-मिथाइलब्युटेन-२,३-डायॉल. तेच गरम अ‍ॅसिडिक घेतलं की बाँड अख्खा तुटतो, एकीकडे अ‍ॅसिटोन आणि दुसरीकडे अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड. इथेच बरेच जण अ‍ॅसिटाल्डिहाइड लिहितात आणि मार्क घालवतात, उकळत्या परमँगनेटपुढे अल्डिहाइड कसला टिकतोय! डबल बाँडच्या कार्बनवर एक एच असेल तर अ‍ॅसिड, एकही नसेल तर कीटोन, आणि टोकाला सीएचटू असेल तर त्याचा सीओटू होऊन उडून जातो, म्हणून उत्तरात एक कार्बन कमी भरला तर लगेच खाडाखोड करू नका.

अल्डिहाइडच हवा असेल तर ओझोन, मग झिंक आणि पाणी. झिंक तिथे शोभेला नसतं, ते नसेल तर तयार झालेलं हायड्रोजन पेरॉक्साइड अल्डिहाइडला अ‍ॅसिडपर्यंत नेऊन सोडतं. पेपर काढणारे मुद्दाम झिंकच्या जागी पेरॉक्साइड देतात, तेव्हा अ‍ॅसिडच लिहायचं.

सायक्लोहेक्झीनला तर हमखास घोळ. बाँड कापला म्हणून लगेच तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे! रिंग एकाच जागी कापली की दोरी सरळ होते, दोन दोऱ्या होत नाहीत. ओझोन-झिंकने हेक्झेनडायाल, गरम परमँगनेटने अ‍ॅडिपिक अ‍ॅसिड, कार्बन सहाचे सहा. आणि डायॉल विचारला तर सिस की ट्रान्स ते लिहाच: थंड परमँगनेट किंवा ऑस्मियम टेट्रॉक्साइड दोन्ही ओएच एकाच बाजूने देतात म्हणून सिस, एमसीपीबीएने (एक पेरॉक्सी अ‍ॅसिड) इपॉक्साइड (दोन कार्बन आणि एक ऑक्सिजनची छोटी रिंग) करून मग अ‍ॅसिड-पाण्याने उघडलं तर ओएच विरुद्ध बाजूंना, म्हणजे ट्रान्स.

प्रॅक्टिकलला बायर टेस्ट (परमँगनेटने डबल बाँड ओळखायची टेस्ट) करताना अख्खा ड्रॉपर एकदम रिकामा करू नका, जास्तीचं परमँगनेट जांभळंच राहतं आणि तुम्ही जर्नलमध्ये 'निगेटिव्ह' लिहून येता. एकेक थेंब टाका, हलवा, बघा. जांभळा रंग जाऊन तपकिरी गाळ दिसला तर तो मँगनीज डायॉक्साइड, नुसतं 'रंग गेला' असं लिहू नका. पण तेवढ्यावर डबल बाँड पक्का धरू नका बरं का, अल्डिहाइड आणि फिनॉलही हाच खेळ करतात, त्यामुळे ब्रोमीन वॉटर करा आणि त्यांच्या टेस्टही लावून बघा. आणि टेस्ट ट्यूबला चिकटलेला तो तपकिरी थर ब्रशने घासून निघत नाही, थोडं ऑक्झॅलिक अ‍ॅसिड आणि पातळ सल्फ्युरिक टाकून जरा कोमट केलं की काच लख्ख.