रायफलचा स्टॉक सेट करताय? या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात एका शनिवारी एक गृहस्थ मुलीला आणि तिच्या नव्याकोऱ्या एअर रायफलला घेऊन रेंजवर आले. मुलगी आठवीतली. ॲल्युमिनियमचा स्टॉक, म्हणजे खांद्याला-गालाला टेकणारा रायफलचा सांगाडा, त्यावर डझनभर स्क्रू, आणि वडिलांच्या हातात ॲलन कीचा (षटकोनी पान्यांचा) जुडगा. "सर, व्हिडिओ बघून सगळं सेट केलंय, तरी शॉट उजवीकडंच जातायत. रिअर साईटचे क्लिकसुद्धा संपत आले." (रिअर साईट म्हणजे डोळ्याजवळचा, क्लिक-क्लिक करत सरकवायचा नेम.)

मी मुलीला पोझिशन घ्यायला सांगितली. नेम धर, आता डोळे मिट, दोन श्वास घे, अंग सैल सोड, डोळे उघड. तिनं डोळे उघडले आणि हसली. फ्रंट साईट (नळीच्या टोकावरचा नेम) शेजारच्या लेनच्या टार्गेटकडं निघाली होती. म्हणजे प्रत्येक शॉटला ती दंडाच्या जोरावर रायफल डावीकडं ओढून धरत होती, आणि ट्रिगर दाबताना जोर जरा सुटला की छर्रा उजवीकडं. रायफल बिचारी सरळच होती. दोन्ही पावलं मिळून उभं राहणं थोडं डावीकडं फिरवलं, साईट पुन्हा मधोमध आणली, आणि पुढचे पाच छर्रे टार्गेटच्या काळ्या गोलात गेले. वडील तोवर बटप्लेट (खांद्यात बसणारी स्टॉकची मागची पट्टी) तीनदा आडवी सरकवून बसले होते. मूळ सेटिंग काय होतं, ते कुणालाच आठवत नव्हतं.

ही पहिली आणि सगळ्यांत महागडी चूक: अंगाचा दोष स्टॉकच्या स्क्रूनं काढायला जाणं. हल्लीचे ॲल्युमिनियम स्टॉक इतके ठिकाणी हलतात की मोह होतोच. लाकडी स्टॉकच्या जमान्यात जे होतं त्यात भागवायचे, त्यामुळे आपोआप अंगाकडं लक्ष जायचं. आता उलटं झालंय. शॉट बिघडला की हात आधी खिशातल्या ॲलन कीकडं जातो.

म्हणून सुरुवात रायफलशिवाय करा. नुसतं उभं राहा, मान सरळ, खांदे सैल, डाव्या हाताचं कोपर कमरेच्या हाडावर टेकेल असं. नेहमी उभे राहता तसं. मग दुसऱ्या कुणालातरी रायफल आणून तुमच्या खांद्यात ठेवायला सांगा. रायफल तुमच्याकडं आली पाहिजे. तुम्ही मान वाकवून, खांदा उचलून तिच्याकडं गेलात तर ६० शॉटपैकी विसाव्यापासून मान दुखायला लागते आणि शॉट खाली पडायला लागतात. मॅच ७५ मिनिटांची असते, फोटोपुरती नाही.

आता बटप्लेट. इथं निम्मे लोक उलटी दिशा धरतात. मान खाली वाकतेय, म्हणजे रायफल वर यायला हवी. तर बटप्लेट वर सरकवायची, असं मनात येतं. नाही. बटप्लेट खांद्यात एका जागी बसते. ती स्टॉकच्या मानानं खाली सरकवली की बाकीची रायफल वर येते. हे समजेपर्यंत मी स्वतः एक अख्खा महिना उलट्या दिशेनं फिरवत होतो आणि कोचला सांगत होतो की हा स्टॉक माझ्या उंचीला बसत नाही. बटप्लेट सरकवूनही मान वाकत असेल तर साईटखाली ठोकळे टाकून साईट उंचावतात, पण ते नंतर.

लांबीची चूक बहुतेक घरीच होते. दिवाणखान्यात टी-शर्टवर उभं करून बटपासून ट्रिगरपर्यंतचं अंतर ठरवतात. रेंजवर तीच मुलगी आत स्वेटशर्ट, वर कॅनव्हासचं कडक जॅकेट घालते. खांद्यापाशी अर्धा-पाऊण बोट जाडी वाढली की तीच लांबी जास्त होते. हात ट्रिगरपर्यंत पोचायला ताणावा लागतो आणि उजवा खांदा पुढं येतो. सेटिंग पूर्ण गणवेशात करायचं: जॅकेटची सगळी बटणं लावून, ट्राउझर आणि बूटसुद्धा घालून. बुटाच्या तळव्यानंही उंची बदलते.

चीकपीसबद्दल, म्हणजे गाल टेकवायच्या पट्टीबद्दल, जरा जास्त बोलतो, कारण माझं नाक तिथंच कापलं गेलंय. एका राज्य स्पर्धेच्या आदल्या रात्री लॉजवर बसून मी चीकपीस केसभर वर केला. का, तर गाल जरा जोरात टेकवावा लागतोय असं वाटलं. सकाळी सायटिंगचे (मॅचआधी नेम जुळवायचे) शॉट वर जायला लागले. मी क्लिक खाली घेतले. मग गाल जुन्या सवयीनं दाबला गेला, शॉट खाली आले. पुन्हा क्लिक वर. सायटिंगची पंधरा मिनिटं संपली तेव्हा मला माझा झीरो (नेम धरला तिथंच छर्रा पडतो ते साईटचं सेटिंग) नक्की कुठे आहे हे सांगता येत नव्हतं. दहाचा ठिपका फक्त ०.५ मिलिमीटरचा. तिथं असा खेळ चालत नाही.

कारण साधं आहे. पीप साईटच्या, म्हणजे मागच्या साईटच्या बारीक भोकातून पाहताना डोळा नेमका मध्यावर हवा. चीकपीस डोळ्याची जागा ठरवतो. तो हलला की डोळा हलतो आणि मागच्या भोकातलं चित्र कडेला सरकतं. गाल ठेवल्यावर मागच्या भोकाभोवतीचा अंधार सगळीकडून सारखा दिसला पाहिजे. एका बाजूला चंद्रकोर दिसली की चीकपीस चुकला. तपासायची पद्धत: डोळे मिटून गाल टेकवा, डोळे उघडा, चित्र पाहा. डोळे उघडल्यावर मान सरकवावी लागली तर अजून काम बाकी आहे. आणि गालाचा दाब म्हणजे उशीवर डोकं टेकवतो तेवढाच. दात-ओठ खाऊन दाबायचं नसतं.

त्या स्पर्धेनंतर एक नियम केला तो आजवर मोडलेला नाही. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात ॲलन की पिशवीच्या बाहेर काढायची नाही. एरवीसुद्धा एका वेळी एकच बदल, आणि त्यावर निदान दोन-तीन सराव झाल्याशिवाय दुसरा नाही. बदलाआधी स्टॉकवरच्या मोजपट्टीचा आकडा वहीत. जिथं मोजपट्टी नाही तिथं मास्किंग टेप लावून बारीक पेन्सिलीनं रेघ. मोबाईलचा फोटो दोन बाजूंनी. वहीत तारीख, बदल, का केला आणि ग्रुप (छर्ऱ्यांचा पुंजका) कसा पडला एवढंच. शॉट बिघडले की आधी वही उघडायची, ॲलन की त्यानंतर.

ग्रुप पाहून दोष कुठं शोधायचा, याचा माझा क्रम सांगतो. वर-खाली लांबट पडत असतील तर श्वास, गालाचा दाब आणि कोपराचा टेकू. डावी-उजवीकडं पसरत असतील तर पावलांची दिशा आणि ट्रिगरवरचं बोट. पहिले वीस-पंचवीस बरे आणि मग घसरण, तर वजन जड होतंय किंवा मान अडकतेय. आणि कशातच काही पॅटर्न नसेल, सगळीकडं विखुरलं असेल, तर मगच स्क्रू. तेव्हा रायफल टेकूवर पक्की धरून एकाच डब्यातले छर्रे मारून पाहा. टेकूवर ग्रुप घट्ट पडला तर दोष तुमच्यात. नाही पडला तर ॲक्शनचा (बॅरल आणि ट्रिगर जोडलेल्या मुख्य यंत्रणेचा) बोल्ट ढिला आहे किंवा छर्रे त्या बॅरलला जुळत नाहीत. मॅचचे छर्रे डोक्याच्या मापात ४.४८ पासून ४.५२ मिलिमीटरपर्यंत मिळतात आणि प्रत्येक बॅरलची आवड वेगळी. शेजाऱ्याच्या रायफलला चालतो तो डबा आपल्याला चालेलच असं नाही.

स्क्रूंविषयी. ॲल्युमिनियममधले आटे मऊ असतात आणि स्टीलचा स्क्रू त्यांना सहज खाऊन टाकतो. एकदा आटे गेले की तो स्क्रू कधीच पक्का बसत नाही, आणि कुठला तरी मेकॅनिक "भोक मोठं करून देतो" म्हणतो. त्याच्याकडं जाऊ नका. ॲलन की मिलिमीटरची आहे का इंचाची ते बघा. जवळपासची चालते असं वाटून फिरवली की स्क्रूचं डोकं गोल होतं. कीला पाईप लावून जोर काढू नका. ॲक्शन स्टॉकला धरून ठेवणारे मुख्य बोल्ट टॉर्क रेंचनं, मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत, थोडे पुढचा थोडे मागचा असे आळीपाळीनं आवळायचे. रेंच नसेल तर ज्याच्याकडं आहे त्याच्याकडून आवळून घ्या. बोल्ट बसला की डोक्यावरून स्टॉकवर येईल अशी नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय. हे मी एका जुन्या आर्मरर काकांकडून शिकलो. दहा रुपयांच्या बाटलीत वर्षानुवर्षं जातात.

आणि हे सगळं करताना रायफल रिकामी, बॅरलमध्ये सेफ्टी फ्लॅग (बॅरल रिकामी असल्याची खूण), हवेचा सिलिंडर काढलेला. "छर्रा नाहीये" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय.

वजनाची हौस मुलांपेक्षा पालकांना जास्त. बॅरलवर वजनं लावली की रायफल स्थिर दिसते, हे खरं. पण एअर रायफलची मर्यादा साईटसकट ५.५ किलो आहे, आणि ५० मीटरच्या थ्री पोझिशनला (एकाच मॅचमध्ये तीन पोझिशनमधून नेमबाजीच्या प्रकाराला) ८ किलो. घरच्या काट्यावर ५.४८ भरलेली रायफल स्पर्धेच्या काट्यावर चाळीस ग्रॅमनं जास्त निघाली की ऐनवेळी एक वजन काढावं लागतं. वजन निघालं की तोल गेला, आणि तोल गेला की महिन्याभराचा सराव एका वेगळ्या रायफलवर केल्यासारखा. मॅचनंतरही तपासणी होते, आणि त्यात मापाबाहेर सापडलात तर थेट बाद. थोडी सूट राखूनच सेट करा. तेरा वर्षांच्या मुलीला मर्यादेपर्यंतचं वजन द्यायची गरजही नाही. ती रायफल उचलून धरायला पाठ मागं झुकवते, आणि ती झुकलेली पाठ पुढं कित्येक वर्षं सुटत नाही.

कोल्हापूरकडच्या मुलांमध्ये सध्या थ्री पोझिशनची हवा आहे, साहजिकच. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुण मिळवून ब्राँझ आणलं. त्याआधी २०१० मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनमध्ये (झोपून) विश्वविजेती झाली होती, तीही कोल्हापूरचीच. पण थ्री पोझिशनमध्ये एकाच रायफलची तीन सेटिंग्ज लागतात: गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून. एका पोझिशनचं सेटिंग अजून वहीत नीट उतरलेलं नाही, त्यानं तिन्हीच्या मागं लागू नये. पोझिशन बदलताना घड्याळ चालूच असतं. बटप्लेट किती, हँडस्टॉप (पुढचा हात अडवणारा तुकडा) किती, हे पाठ नसेल तर तिथं गोंधळ उडतो.

स्टॉकमधल्या फेरबदलांबद्दल एक प्रश्न हल्ली वारंवार येतो. अमेरिकन व्हिडिओंमध्ये लोक बोल्ट ॲक्शन रायफलच्या चॅसीत (धातूच्या स्टॉकमध्ये) लांब मॅगझिन बसावं म्हणून चॅसीची खाच वाढवताना दिसतात; आपणही तसं करावं का? लांब काडतुसांसाठी तिथल्या लांब पल्ल्याच्या स्पर्धांत त्याला अर्थ असेल. आपल्या खेळात काहीच नाही. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) १० आणि ५० मीटर रायफल प्रकारांत प्रत्येक शॉटला एक-एक गोळी हातानं भरायची असते, मॅगझिनचा संबंधच येत नाही. आणि कायद्याची बाजू तर त्याहून स्पष्ट आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीची दुरुस्ती किंवा फेरबदल हा परवानाधारकाचाच धंदा आहे. ०.१७७ इंच बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) आणि २० जूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. मॅचच्या एअर रायफलची ताकद ७.५ जूलच्या आसपास असते, म्हणून ती मुलं घरी ठेवू शकतात. ५० मीटरची पॉइंट टू-टू रायफल मात्र बंदूक आहे. तिच्या बटप्लेटशी, चीकपीसशी खेळा, तो तुमचा हक्क आहे. ॲक्शनला कानस लावायची नाही, घरी नाही आणि गल्लीतल्या लेथवर तर मुळीच नाही.

राहता राहिला पाऊस. कोकण आणि कोल्हापूरकडं जून ते सप्टेंबर लाकडी स्टॉक फुगतात आणि झीरो सरकतो, हे जुन्या लोकांना माहीत आहे. ॲल्युमिनियमवाल्यांना वाटतं आपण सुटलो. पण ॲल्युमिनियममध्ये बसलेल्या स्टीलच्या स्क्रूभोवती ओल धरली की पांढरी भुकटी येते आणि स्क्रू आत जाम होतो. महिन्यातून एकदा सेटिंग टिपून स्क्रू बाहेर काढा, कोरड्या फडक्यानं पुसा, परत बसवा. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या दर पंधरवड्यानं बदला. मात्र एअर सिलिंडरच्या आट्यांना आणि व्हॉल्व्हला घरातलं शिलाई मशीनचं तेल कधीही लावू नका. दाबाखालच्या हवेत तेल पेट घेऊ शकतं. सिलिंडर हातानं जेवढा आवळता येतो तेवढाच आवळा, पकडीनं नाही. आणि सेकंडहँड रायफल घेत असाल तर स्टॉक बघण्याआधी सिलिंडरवर कोरलेली तारीख बघा. दहा वर्षं उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि विकणारा ते सांगेलच असं नाही.