क्रूझला निघताय? बहुतेक चुका गावातच होतात

जहाज म्हणजे काही यष्टी नाही, की कंडक्टरनं घंटी मारल्यावरही धावत जाऊन दांडा पकडता येईल. आपल्या विदर्भातून आता बरेच जण क्रूझला जातात. निवृत्त गुरुजींचे ग्रुप असतात, भिशीतल्या बाया असतात, कापसा-तुरीचे पैसे हाती आल्यावर लेकरा-सुनांना घेऊन निघालेली कुटुंबंही असतात. कोणी मुंबईहून गोवा-लक्षद्वीप करतं, कोणी सिंगापूर गाठतं. यातले दोन-चारदा जाऊन आलेले भेटले, की तक्रारी ऐकून एक गोष्ट लक्षात येते. समुद्रानं फारसं कोणाला छळलेलं नसतं. घोटाळा झालेला असतो तो घरून निघतानाच, ‘पाहू नं तिथं गेल्यावर’ म्हणत.

तारीख ठरवताना

पेरणी आटोपली, जुलैत थोडी उसंत आहे, तेव्हाच जाऊन येऊ, असा विचार करू नका. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो आणि त्या दिवसांत मुंबईहून पश्चिम किनाऱ्याच्या फेऱ्या फारशा नसतात. तूर घरात आली की फेब्रुवारी-मार्च हा आपल्यासाठीही मोकळा काळ आणि समुद्रही त्या मानानं शांत. दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्ट्यांत भाडं चढतं, ते टाळता आलं तर टाळा.

जाहिरातीतला आकडा एका माणसाचा असतो, तोही एका खोलीत दोघं राहणार असं धरून. पोर्ट चार्ज, जीएसटी आणि सर्व्हिस चार्ज त्यावर वेगळे. एकट्यानं खोली घेतली तर जवळजवळ दोघांचे पैसे पडतात. चौघांची खोली स्वस्त पडते खरी, पण त्यातले दोन पलंग भिंतीतून निघणारे, वर शिडीनं चढायचे असतात. आजीला त्या शिडीवर चढवणार का, हे बुकिंगच्या वेळीच ठरवा. परदेशी टूर पॅकेज असेल तर एजंट टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतो. ती रक्कम आयकर विवरणपत्र भरून वळती करता येते किंवा परत मिळते, पण पॅन नंबर बरोबर दिलेला हवा आणि पावती जपून ठेवलेली हवी. बरेच जण ती पावतीच मागत नाहीत.

कागदपत्रं: सगळ्यात महागडी चूक इथं होते

देशातल्या देशात जायचं असेल तर आधारसारखं फोटो ओळखपत्र चालतं. मात्र तिकिटावरचं नाव आणि कार्डावरचं नाव एकच पाहिजे. आपल्याकडं बाईचं नाव आधारवर सासरचं, जुन्या कागदावर माहेरचं आणि एजंटच्या वहीत ‘सौ. काकू’ असतं. बोर्डिंगच्या टेबलावर ‘अहो, हीच ती’ म्हणून भागत नाही. लक्षद्वीपला उतरायला प्रवेश परवाना लागतो. तो कोण काढणार, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या.

परदेशी क्रूझला पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने चालू असावा. विदर्भाचे पासपोर्ट नागपूरच्या कार्यालयातून निघतात आणि पोलीस पडताळणी आपल्या ठाण्यातून होते. म्हणून लग्नसराई आणि सणवार मोजून आधीच अर्ज टाका.

आता सिंगापूरची खरी मेख. तिथून जहाज मलेशिया किंवा थायलंडला जाऊन परत सिंगापुरात येतं. म्हणजे तुम्ही त्या देशात दोनदा शिरता, एकदा विमानतळावर आणि एकदा क्रूझ संपल्यावर. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर तुम्हाला जहाजावर चढूच देत नाहीत. सोबतचे वर डेकवर आणि आपण बॅगा घेऊन खाली टर्मिनलात, असं झालेली माणसं आहेत. एजंटनं व्हिसाचा कागद दिला, की त्यावर ‘मल्टिपल’ लिहिलंय का, ते स्वतः वाचा, नसता लेकीकडून वाचून घ्या. ‘आम्ही त्या बंदरात उतरणारच नाही’ हेही कारण चालेलच असं नाही. जहाज ज्या देशात लागणार, तिथले प्रवेशाचे नियम बहुतेक वेळा बोर्डिंगलाच तपासतात.

गरोदर बाईला चोवीस आठवड्यांनंतर बहुतेक कंपन्या घेत नाहीत. त्याआधीही डॉक्टरचं पत्र मागतात.

त्याच सकाळची गाडी

विदर्भ एक्सप्रेस किंवा अमरावती एक्सप्रेस सकाळी सीएसएमटीला पोहोचते, तिथून बॅलार्ड पिअर, म्हणजे क्रूझ सुटायचा धक्का, टॅक्सीनं काही मिनिटांवर आणि जहाज दुपारनंतर सुटतं. कागदावर हिशोब झकास बसतो. पण इगतपुरी-कसाऱ्याला गाडी अडकली, की तो तिथंच मोडतो. शिवाय जहाज सुटायच्या कितीतरी आधी चेक-इन बंद होतं. मुंबईला एक दिवस आधी पोहोचा. मुक्कामाचा खर्च अंगावर येतो हे खरं, पण चुकलेल्या जहाजाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.

रात्रभर रेल्वेत जागून चढलेली माणसं पहिल्याच दिवशी आणखी एक चूक करतात. सुरक्षा कवायतीची घोषणा होते आणि हे खोलीत गाढ झोपलेले. ती कवायत सक्तीची आहे आणि उगाच नाही. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ खडकावर आदळली, ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या कित्येकांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम कडक झाले. सात आखूड भोंगे आणि एक लांब भोंगा ऐकला, की आपल्या ठरलेल्या जागी जमायचं, एवढं तरी घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या.

वरची, पुढची, महागाची खोली

आर्वीकडच्या एका काकूंनी हौसेनं जास्त पैसे भरून सगळ्यात वरच्या मजल्यावरची, पुढच्या टोकाची बाल्कनीची खोली घेतली. धाकट्या बहिणीनं घेतली खालची, मधली, बिनखिडकीची. पहिल्या रात्री वारा सुटला. काकू बाथरूमच्या दाराची मूठ धरून बसलेल्या, आणि बहीण सकाळी आंघोळ करून, वेणी घालून नाश्त्याला हजर. ‘पैसे म्या भरले जास्तीचे, अन् झोप लागली इले!’ असं त्या अजूनही सांगतात.

कारण सोपं आहे. जहाज मध्यभागाभोवती डोलतं, म्हणून टोकाला आणि उंचावर झोका मोठा बसतो. ज्याला बसमध्ये मळमळतं, त्यानं खालच्या मजल्यावरची मधली खोली मागून घ्यावी. बुकिंगच्या वेळी डेकचा नकाशा मागा आणि आपल्या खोलीच्या वर-खाली काय आहे तेही बघा. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, खाली थिएटर असेल तर रात्री ढोल. ‘खोली कंपनी ठरवेल’ या अटीवर तिकीट स्वस्त मिळतं, पण मग निवडीचा हक्क गेला.

ओकारीची गोळी मळमळायला लागल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही, ती आधी घ्यावी लागते. या गोळ्यांनी झोप येते. प्रोस्टेट किंवा काचबिंदू असेल, तर आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊच नका. त्रास सुरू झालाच, तर खोलीत मोबाइल बघत पडून राहू नका. बाहेर मोकळ्या हवेत या आणि नजर क्षितिजावर ठेवा. पोट रिकामंही नको आणि तुडुंबही नको. कोरडं बिस्कीट, आल्याचा तुकडा, थोडं पाणी. पहिल्याच रात्री बुफेवर पैसे वसूल करायला गेलेला माणूस हमखास आडवा होतो.

बॅगेत काय नको

पाणी तापवायचा रॉड, इस्त्री, किटली, अगरबत्ती, दिवा, अडकित्ता, चाकू. यातलं काहीही तपासणीत निघालं, की काढून घेतात. जहाजावर आगीची भीती सगळ्यात मोठी, त्यामुळं गयावया करून उपयोग नाही. घरचा चिवडा आणि लोणच्याची बरणीही बहुतेक ठिकाणी अडवतात. सीलबंद पुडे सहसा चालतात. शाकाहारी आणि जैन जेवण मुंबईच्या जहाजांवर व्यवस्थित मिळतं, तेव्हा उपाशी राहण्याचं भय नको.

आणि खर्रा. आपल्याकडं पानठेल्यावर घोटून पन्नीत बांधलेला खर्रा खिशात नाही असा माणूस शोधावा लागतो. सिंगापुरात चघळायचा तंबाखू नेणंच बेकायदा आहे, विमानतळावरच दंडाची पाळी येऊ शकते. जहाजावर थुंकायला जागा नाही. बाल्कनीतून पिंक टाकली, तर ती वाऱ्यानं शेजारच्या बाल्कनीत जाते. हे झालेलं आहे, आणि शेजारी पांढरा सदरा घातलेला होता.

औषधं, कागदपत्रं, चष्मा आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा टर्मिनलवरच घेऊन जातात आणि खोलीत कधीकधी संध्याकाळी पोहोचतात. शाल किंवा स्वेटरही घ्या. ४५ अंशातून आलेल्या माणसाला पटत नाही, पण जहाजावरच्या थिएटरातला एसी दात वाजवतो.

फोन आणि कार्ड

किनारा सुटला, की फोन जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडू शकतो. नेहमीच्या आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅकमध्ये ते बरेचदा धरलेलं नसतं. नातवाला एक व्हिडिओ पाठवला आणि पोस्टपेडचं बिल पाहून महिनाभर घरात बोलणी, असं होतं. चढताच फ्लाइट मोड लावा आणि हवं तर जहाजाचं वायफाय दर विचारून घ्या. घरी आधीच सांगून ठेवा, की दोन दिवस फोन लागणार नाही, नाहीतर इकडं सगळं गाव काळजीत.

जहाजावर रोख चालत नाही, खोलीचं कार्डच टेकवायचं. पोरांच्या हाती ते दिलं, की गेम झोनमध्ये आकडा फुगतो. रिसेप्शनला सांगून पोरांच्या कार्डावर मर्यादा लावून घ्या आणि रोजचा हिशोब रोज बघा. शेवटच्या सकाळी रांगेत उभं राहून भांडायला वेळ नसतो.

बंदरात उतरल्यावर जहाजाची वेळ पाळायची, मनगटावरची नाही. जहाजानं ठरवलेल्या सहलीला उशीर झाला तर सहसा जहाज थांबतं. स्वतः रिक्षा करून लांब गेलात, तर थांबत नाही.

हात साबणानंच धुवा. जहाजावर पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझरचा नीटसा उपयोग होत नाही.

उतरायच्या आदल्या रात्री बॅगा खोलीबाहेर ठेवायला सांगतात. सकाळी घालायचे कपडे आणि चपला तेवढ्या आत ठेवा. परतीच्या दिवशी उतरायला आणि तपासणीला किती वेळ लागेल ते सांगता येत नाही, म्हणून गाडी संध्याकाळची किंवा रात्रीची काढा. दुपारची सेवाग्राम एक्सप्रेस सीएसएमटीहून सुटताना जहाजातूनच बघणारे वर्धेचे प्रवासी दरवर्षी भेटतात.